फिरत्या घराची वीज

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. दोन्ही नीट पाहायची तर छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात दोन-तीन मुक्काम ठरलेलेच. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरेक. वेरूळच्या वाटेवर खुलताबाद आणि म्हैसमाळ, कन्नडच्या बाजूला पितळखोरा आणि गौताळ्याचे जंगल. हा सगळा मुलूख गाडीच्या मागे जोडलेल्या छोट्या घरातून पाहावा ही कल्पना आता महाराष्ट्रात सरकारदरबारी मान्य झालेली आहे. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आले. त्यात मोठ्या कॅराव्हॅनबरोबर घडीची कॅराव्हॅन, तंबूचा ट्रेलर आणि कॅम्पर ट्रेलर यांनाही जागा दिली आहे, आणि कॅराव्हॅन पार्कात पाणी, रस्ता व विजेची जोडणी असावी अशी अपेक्षा ठेवली आहे.

मुक्काम दर वेळी अशा पार्कातच पडेल असे मात्र नाही. अजिंठ्याला जाणाऱ्या खासगी गाड्यांना फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबावे लागते. पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचे. म्हणजे तुमचा ट्रेलर दिवसभर उन्हात तिथे उभा. कधी ओळखीच्या माणसाच्या शेतात, कधी म्हैसमाळच्या पठारावर, कधी ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत रात्र काढावी लागते. तिथे विजेचा खांब नसतो, किंवा असला तरी त्यावर वीज कधी असेल याचा नेम नसतो. मग हाताने उचलून नेता येईल असा पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर सोबत घेतला जातो.

जनरेटर चालू करायला दोरी ओढावी लागते, एवढेच. ट्रेलरला तो जोडणे हे मात्र स्वतंत्र शास्त्र आहे आणि आपल्याकडे त्याची फारच थोडी माहिती लोकांपर्यंत पोचलेली आहे. इंजिनाची लोक काळजी घेतात, ऑइल बदलतात, प्लग साफ करतात. जीव जातो तो मात्र बहुतेक वेळा दोन गोष्टींनी: तीन तारांच्या चुकीच्या जोडणीने आणि धुराने.

फिरत्या मुक्कामाची वीज महाराष्ट्राला नवी नाही, हे आधी सांगायला हवे. तमाशाचे फड दसऱ्यापासून वैशाखापर्यंत गावोगाव हिंडत आले आहेत. त्यांच्या बारीला आधी हिलालांचा उजेड होता, मग गॅसबत्त्या आल्या, पुढे ताफ्यात जनरेटरची गाडी आली. जत्रेच्या माळावर तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजचेही तेच. जुन्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ज्योत पेटवून प्रकाश काढत. त्या ज्योतीला एकाच दिशेने वाहणारा दणकट प्रवाह लागे, आणि तो माळावर कुठून मिळणार? म्हणून टॉकीजवाला आपली वीज आपल्याबरोबर घेऊन फिरे. महाराष्ट्रातल्या या टॉकीजवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. पडद्यावरच्या नायकाकडे सगळे बघत असतात, पण मला त्या ताफ्यातल्या जनरेटर सांभाळणाऱ्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. यंत्र तंबूपासून किती लांब ठेवायचे, वारा कुठून आहे, केबल माणसांच्या पायाखाली येणार नाही अशी कुठून न्यायची, आधी कोणता लोड टाकायचा, हे सगळे त्याला ठाऊक असे. ते ज्ञान हाताखालच्या पोऱ्याला तोंडीच मिळे, पुस्तकात कुठे छापले गेले नाही. सहलीला निघालेल्या कुटुंबाबरोबर हा माणूस नसतो. त्याचे काम आपल्यालाच करायचे आहे.

आपल्याकडे छोटा जनरेटर घराघरांत आणि दुकानादुकानांत शिरला तो भारनियमनामुळे. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, आणि त्यापुढची काही वर्षे मराठवाड्यातल्या गावांनी बारा-बारा तासांचा अंधार सोसला. संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट अशा बाजारांत दुकानांसमोरच्या फुटपाथवर सुटकेससारख्या आकाराचे जनरेटर धडधडत असत. त्या काळाने आपल्याला एक वाईट सवय लावली: दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप बसवलेली वायर. एक टॉप जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरा घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये, की घरभर उजेड. अजूनही अशा वायरी लोकांच्या माळ्यावर पडलेल्या सापडतात. तुमच्याकडे असेल तर आजच कापून टाका.

या वायरीचा पहिला धोका उघड आहे. जनरेटर चालू असताना एक टोक निघाले तर त्या टॉपच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात, आणि लहान मुलाच्या हाताला त्या सहज लागतात. दुसरा धोका दिसत नाही. घराचा मेन स्विच बंद करायचे राहिले तर जनरेटरची वीज घरातून उलटी खांबावर जाते. आपल्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो. त्याला खालून वीज मिळाली तर तो तेच काम उलट दिशेने करतो. एरवी शेजारपाजारच्या लोडखाली छोटा जनरेटर लगेच गुदमरतो आणि बंद पडतो. पण लाइनमनने दुरुस्तीसाठी फ्यूज काढून लाइनचा एक तुकडा वेगळा केलेला असेल, तर त्या तुकड्यावर वीज जिवंत राहू शकते. लाइनमन ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात तो हाच. लाइन बंद आहे या भरवशावर तो खांबावर चढलेला असतो. मेन बंद करायला आपण विसरणार नाही असे प्रत्येकाला वाटते. रात्री, पावसात, घाईत माणूस विसरतोच. म्हणून सुरक्षितता आठवणीवर सोपवू नये, ती जोडणीतच बांधलेली असावी.

कॅम्पर ट्रेलरमध्ये हे करणे घरापेक्षा सोपे आहे. नियम एकच: जिकडून वीज येते त्या टोकाला भोके, जिकडे वीज जाते त्या टोकाला पिना. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर झाकण असलेला एक इनलेट बसवतात. त्यात पिना आत खोलवर असतात. कारखान्यांत दिसतो तो निळा, गोल, तीन पिनांचा १६ अँपियरचा औद्योगिक प्लग आणि सॉकेट यासाठी सर्वांत योग्य. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींना माल पुरवणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात तो मिळेल. केबलचे भोके असलेले टोक ट्रेलरच्या इनलेटवर बसते आणि पिनांचे टोक जनरेटरच्या किंवा पार्कातल्या खांबावरच्या सॉकेटमध्ये जाते. कुठलेही टोक निघाले तरी उघड्या पिनांवर वीज राहत नाही.

आणि असा इनलेट एकच ठेवावा. ट्रेलरला वीज घ्यायला एकच तोंड असेल तर केबल एक तर खांबाला लागेल किंवा जनरेटरला. दोन्हीकडची वीज एकमेकांवर आदळण्याचा प्रश्नच उरत नाही. काही ट्रेलरांत जनरेटर मागच्या कप्प्यात कायमचा बसवलेला असतो आणि खांबासाठी वेगळा इनलेट असतो. तिथे चेंजओव्हर स्विच हवाच: एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये शून्य. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तोडणारा असावा. फक्त फेज तोडणारा स्वस्त स्विच ट्रेलरसाठी कामाचा नाही. आपल्याकडच्या सॉकेटांमध्ये फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेले सर्रास आढळतात, आणि तसे असेल तर बंद केलेल्या स्विचच्या पुढेही फेज तशीच जिवंत राहते.

आता यंत्राकडे वळू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. साध्या पोर्टेबल जनरेटरमध्ये चुंबकीय ध्रुवांची एक जोडी असते, म्हणून इंजिनाच्या एका फेऱ्यात एक आवर्तन होते. ५० आवर्तनांसाठी सेकंदाला ५० फेरे, म्हणजे मिनिटाला ३,०००. गव्हर्नर हा वेग राखतो. एकदम मोठा लोड पडला की इंजिन दबते, वेग उतरतो, त्याबरोबर आवर्तने आणि व्होल्टेज दोन्ही उतरतात. दिवे मंद होतात तेव्हा हेच घडत असते. दिव्यांना त्याने काही होत नाही, पण फ्रिजचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर अपुऱ्या व्होल्टेजवर सुरूच होऊ शकत नाही. तो जागच्या जागी घुमतो आणि तापतो. इन्व्हर्टर प्रकारच्या जनरेटरमध्ये इंजिनाचा वेग लोडप्रमाणे कमी-जास्त होतो आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट ५० आवर्तने बनवून देते. आवाज कमी, पेट्रोल कमी, लॅपटॉपला योग्य अशी स्वच्छ वीज. किंमत मात्र बरीच जास्त. ट्रेलरसाठी घ्यायचाच असेल तर थोडे थांबून, पैसे साठवून हाच घ्यावा, असे माझे मत आहे.

जनरेटरच्या पाटीवर दोन आकडे असतात: सतत देता येणारे वॅट आणि काही क्षणांपुरते देता येणारे वॅट. विक्रेता मोठा आकडा सांगतो, आपण छोटा धरायचा. त्यातूनही काही वजा करावे लागते. समुद्रसपाटीपासून दर १०० मीटर उंचीला हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद ढोबळमानाने एक टक्क्याने घटते. संभाजीनगर सुमारे ५७० मीटरवर आहे, म्हैसमाळ त्याहून उंच, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उष्णतेनेही ताकद कमी होते. पाटीवर २,००० वॅट असतील तर या भागात उन्हाळ्यात १,५०० चा भरवसा धरावा.

त्या १,५०० वॅटमध्ये काय बसते? छोटा फ्रिज चालताना शे-दीडशे वॅट घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट मागतो. पंखे, एलईडी दिवे, फोन-लॅपटॉपचे चार्जर मिळून शंभर-दीडशे वॅट. एक टनाचा एसी चालताना हजार-बाराशे वॅट घेतो आणि साधा असेल तर सुरू होताना तीन-चार पट. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो म्हणून तो पेलतो. पाण्याची किटली १,५०० वॅट, इंडक्शन शेगडी १,८०० ते २,०००, गीझर त्याहूनही वर. उष्णता निर्माण करणारी उपकरणे या जनरेटरवर लावूच नयेत. चहा गॅसवर होतो. आणि क्रम पाळावा: इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यायचे, मग ट्रेलरचा मेन टाकायचा, आधी कॉम्प्रेसरचे उपकरण, मग बाकीचे. बंद करताना उलट: सगळा लोड काढून, थोडे रिकामे चालवून, मग इंजिन बंद.

खरा अवघड भाग आता येतो. तो घाईने वाचू नका.

घरात करंट का लागतो? डीपीजवळ न्यूट्रल तार जमिनीशी जोडलेली असते. फेजला हात लागला की प्रवाहाला हातातून, पायातून, जमिनीतून डीपीपर्यंत परतीची वाट मिळते. ईएलसीबी किंवा आरसीसीबी नावाची डबी हेच पकडते. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढेच ती बघत असते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की निमिषात ट्रिप होते. दरवर्षी किती माणसे या डबीमुळे वाचत असतील! कॅम्पर ट्रेलरमध्ये ती असायलाच हवी.

पण बऱ्याच पोर्टेबल जनरेटरमध्ये बाहेर येणाऱ्या दोन तारांपैकी कुठलीच तार यंत्राच्या चौकटीशी किंवा जमिनीशी जोडलेली नसते. दोन्ही अधांतरी असतात. अशा जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर लावला तर कधी दोन्ही भोकांत मंद लाली दिसते आणि वायरमनही गोंधळतो. यातल्या एका तारेला हात लागला तर काहीच होत नाही, कारण परतीची वाटच नसते. ‘छोट्या जनरेटरचा करंट लागत नाही’ असे लोक म्हणतात ते यावरून. ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच घातक आहे.

कसे, ते पाहा. ट्रेलरचे शरीर ॲल्युमिनियमचे किंवा पत्र्याचे, खाली रबरी टायर. म्हणजे जमिनीपासून ते वेगळे. समजा आत फ्रिजची एक तार घासून घासून उघडी पडली आणि पत्र्याला लागली. काहीच घडत नाही. फ्रिज चालतो, दिवे चालतात, कुठली डबी पडत नाही. संपूर्ण ट्रेलर आता त्या तारेशी जोडला गेला आहे, पण कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी तुम्ही बाहेर दिवा लावायला आतून एक्स्टेन्शन बोर्ड काढता. त्याच्या वायरीवरची दुसऱ्या तारेची साल कुठेतरी निघाली आहे आणि ती ओल्या गवतावर पडली आहे. आता ट्रेलरचा पत्रा आणि ओली जमीन यांच्यामध्ये पुरे २३० व्होल्ट उभे राहिले. कुणीतरी एक पाय गवतात ठेवून दाराची दांडी धरतो. प्रवाह आरसीसीबीमधून बाहेर गेला, पत्र्यातून माणसात, माणसातून जमिनीत, जमिनीतून उघड्या वायरीत, आणि तिथून पुन्हा त्याच आरसीसीबीमधून परत आला. गेला तेवढा परतला, म्हणून ती पडत नाही. समोर माणूस चिकटलेला असतो.

यावर उपाय आहे आणि तो दोन भागांचा आहे. पहिला: जनरेटरपासून ट्रेलरपर्यंतची केबल तीन तारांचीच हवी, आणि तिसरी हिरवी तार जनरेटरच्या चौकटीला एकीकडे व ट्रेलरच्या सांगाड्याला दुसरीकडे पक्की जोडलेली हवी. ट्रेलरमधल्या प्रत्येक सॉकेटची अर्थिंग, सिंकचा धातू, गॅसची नळी हे सगळे त्या सांगाड्याशी बांधलेले हवे. दुसरा: जनरेटरच्या दोन तारांपैकी एक, म्हणजे आपण जिला न्यूट्रल ठरवतो ती, जनरेटरच्या चौकटीशी जोडायची. मग पहिल्याच बिघाडात, तार पत्र्याला लागताक्षणी, प्रवाहाला तांब्याच्या हिरव्या तारेतून परतीची थेट वाट मिळते आणि डबी त्याच क्षणी पडते. माणूस मध्ये येण्याची वेळच येत नाही.

हा जोड जनरेटरपाशीच आणि एकाच ठिकाणी असावा, ट्रेलरच्या आत कधीही नाही. ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवले आणि पुढच्या मुक्कामी केबल पार्कातल्या खांबाला लावली, तर न्यूट्रलचा काही प्रवाह रोजच अर्थच्या तारेतून आणि पत्र्यातून वाहू लागेल. खांबावरची डबी पुन्हा पुन्हा पडेल, आणि मग कंटाळून कुणीतरी ती काढून टाकेल. म्हणून जाणकार वायरमन न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेला एक वेगळा टॉप बनवून देतात. तो जनरेटरच्या दुसऱ्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावायचा. त्यावर लाल रंगात ‘फक्त जनरेटरसाठी’ असे लिहून तो जनरेटरलाच साखळीने बांधून ठेवावा. घरच्या किंवा पार्कातल्या सॉकेटमध्ये तो कधीही जाता कामा नये.

सगळ्याच जनरेटरांना मात्र हा टॉप चालत नाही. काहींमध्ये वाइंडिंगचा मध्यबिंदू आधीच चौकटीला जोडलेला असतो. तिथे तो लावला की थेट शॉर्ट सर्किट. काही यंत्रांत न्यूट्रल कारखान्यातूनच जोडून येतो. काही इन्व्हर्टर जनरेटरांचे उत्पादक असा जोड करायला मनाई करतात. त्यामुळे आधी सोबतची पुस्तिका वाचायची, मग इंजिन बंद ठेवून शासनाचा परवाना असलेल्या वायरमनकडून मीटरने प्रत्येक पिन आणि चौकट यांच्यातली जोडणी तपासून घ्यायची. हे काम स्वतः करण्याच्या भानगडीत पडू नका.

जमिनीत लोखंडी सळई ठोकून अर्थिंग केली की झाले, असा सल्लाही अनेकदा मिळतो. मराठवाड्याच्या मातीत तो फारसा उपयोगी नाही. इथे वर काळी माती आणि खाली मुरूम, त्याखाली बेसाल्टचा खडक. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा वीज चांगली वाहून नेते. मे महिन्यात तिला हातभर भेगा पडतात आणि सळईभोवती हवाच राहते. मुरुमावर सळई दीड फुटाच्या पुढे उतरत नाही. कायमच्या अर्थिंगसाठी आपण खड्डा खणून मीठ-कोळसा भरतो आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततो ते याचसाठी. एका रात्रीच्या मुक्कामाला हे शक्य नाही. पुस्तिकेत सळई सांगितली असेल तर जरूर ठोका, भोवती बादलीभर पाणी ओता. पण जीव वाचवते ती हिरवी तार. सळई तिची जागा घेऊ शकत नाही.

केबलविषयी थोडक्यात. तांब्याची, रबरी आवरणाची, २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची लवचीक केबल २० मीटर घ्या. २,००० वॅटला साधारण ८.७ अँपियर प्रवाह लागतो आणि एवढ्या लांबीत अडीच-पावणेतीन व्होल्टचीच घट होते. घरातली पातळ एक्स्टेन्शन वायर चालणार नाही. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरली तर आतल्या आत तापून वितळते, पूर्ण उलगडावी. मध्ये जोड नको, आणि इन्शुलेशन टेपचा जोड तर अजिबात नको.

वीस मीटर का, तर धुरासाठी. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते, म्हणून हवेत तो थोडा असला तरी शरीर हळूहळू त्याने भरत जाते. डोके दुखते, मळमळते, झोप येते. प्रवासाचा शीण समजून माणूस आडवा होतो आणि उठत नाही. ट्रेलरची आतली जागा असते किती? पाच मीटर लांब, दोन रुंद, दोन उंच धरले तर वीस घनमीटर, म्हणजे घरातल्या एका लहान खोलीपेक्षाही कमी. तेव्हा जनरेटर ट्रेलरपासून निदान सहा मीटर लांब, शक्य तर त्याहून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि धुराचे तोंड ट्रेलरकडून विरुद्ध दिशेला करून ठेवावा. पाऊस आला म्हणून हा सुटा जनरेटर ताडपत्रीच्या छपराखाली, दाराशी किंवा मागच्या कप्प्यात सरकवू नये. पावसात चालवायचाच असेल तर चारी बाजूंनी उघडे असे वेगळे छप्पर त्याच्यावर, लांबच. शेजारचा ट्रेलरही लक्षात घ्यावा. तुमचा धूर त्याच्या खिडकीत जायला नको. आत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आणि माणसे झोपल्यावर जनरेटर चालू ठेवू नका. या नियमाला अपवाद नाही.

मग रात्री पंखा कसा चालणार? इथे ट्रेलरची १२ व्होल्टची बॅटरी कामाला येते. १०० अँपियर-तासाच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास साठतात; शिसे-आम्लाची असेल तर निम्मेच वापरावेत, म्हणजे ६००. वीस वॅटचे १२ व्होल्टवर चालणारे दोन पंखे आठ तास चालले तर ३२० वॅट-तास, दिवे आणि फोन मिळून शंभर. रात्र आरामात निघते. ती बॅटरी भरायला जनरेटर संध्याकाळी दोन तास चालवायचा: २० अँपियरच्या चार्जरने तेवढ्यात ४० अँपियर-तास भरतात, आणि त्याच वेळात फ्रिजही गार करून घेता येतो. जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून बॅटरी थेट भरण्याच्या फंदात पडू नये. त्या सॉकेटला बॅटरी भरली की थांबायचे कळत नाही. छतावर सौर पॅनेल असेल तर मराठवाड्यातल्या उन्हात वर्षातले बरेच दिवस जनरेटरची दोरी ओढावीच लागणार नाही. मी नव्या ट्रेलरवाल्याला नेहमी हेच सुचवीन की आधी पॅनेल, मग जनरेटर. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांची गोष्ट वेगळी.

पेट्रोलचे भान तर हवेच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते, आणि तेही कायद्याने ठरवलेल्या घट्ट बंद भांड्यांत. प्लॅस्टिकच्या बाटलीत नाही. इंजिन गार झाल्याशिवाय टाकी उघडू नये. ट्रेलरमध्ये माणसे झोपतात तिथे पेट्रोलचा डबा ठेवू नये. आवाजाबद्दल एवढेच, की रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्रीचा धरला आहे, आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारच्या वस्तीतली माणसे दिवसभर शेतात राबून झोपलेली असतात.

आता तुम्ही ट्रेलर विकत घेणार असाल किंवा भाड्याने, ताब्यात घेण्यापूर्वी एक चाचणी करून मागा. आरसीसीबीवर टी लिहिलेले बटण असते. मालक ते दाबून दाखवील, डबी पडेल, आणि तो म्हणेल की सगळे ठीक आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. ते बटण डबीच्या आतच फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये छोटा बिघाड घडवते. त्याला अर्थच्या तारेची गरजच नसते. जनरेटरच्या तारा अधांतरी असल्या तरी बटण दाबल्यावर डबी पडतेच. खरी चाचणी म्हणजे जनरेटर चालू ठेवून ट्रेलरमधल्या सॉकेटमध्ये आरसीसीबी टेस्टर लावायचा आणि फेजमधून अर्थच्या पिनेत ३० मिलिअँपियर सोडायचे. हे उपकरण चांगल्या वायरमनकडे असते. एकदा जनरेटरवर आणि एकदा खांबाच्या विजेवर, दोन्ही वेळा डबी पडली पाहिजे. जनरेटरवर पडली नाही तर जोडणी दुरुस्त होईपर्यंत त्या ट्रेलरमध्ये मुलाबाळांना घेऊन जाऊ नका.